वारा बघून दिवस ठरवा : मेनोर्का बेटावरील फोर्नेल्स गावी निवांत मुक्काम

पुण्याच्या एका निवृत्त दांपत्याने विचारले आहे, की स्पेनच्या मेनोर्का बेटावर फोर्नेल्स नावाच्या छोट्या गावी राहण्याची त्यांची इच्छा आहे. मुलगी म्युनिकमध्ये नोकरीला असल्याने आधी चार दिवस तिच्याकडे आणि मग तिला घेऊन बेटावर, असा बेत आहे. पती मासे खातात, पत्नी पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांना चढउतार सोसत नाही. एका सहल कंपनीने त्यांना आठ दिवसांत बार्सिलोना, मयोर्का, इबिझा आणि मेनोर्का असा आराखडा दिला आहे. त्यावर त्यांचे प्रश्न असे : एकाच गावी इतके दिवस राहिल्यास कंटाळा येईल का, महिना कोणता निवडावा, गाडी घ्यावी का आणि खाण्याची सोय कशी होईल?

आधी आराखड्याविषयी बोलतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आठ दिवसांत तीन बेटे आणि एक महानगर म्हणजे चार वेळा सामान बांधणे, चार वेळा विमानतळ किंवा बंदर गाठणे आणि प्रत्येक ठिकाणी दीड दिवस. तुम्हाला निवांतपणा हवा असेल तर तो आराखडा बाजूला ठेवा आणि आठही रात्री मेनोर्कालाच काढा. हे बेट सुमारे 700 चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडेसे मोठे, पण वस्ती जेमतेम लाखभराची. पूर्वेचे माओ आणि पश्चिमेचे सिउतादेया या दोन मुख्य शहरांत साधारण 45 किलोमीटरचे अंतर आहे. त्यामुळे एकाच गावी राहून सगळे बेट पाहता येते आणि रोज रात्री आपल्याच बिछान्यावर परतता येते.

फोर्नेल्स हे गाव उत्तर किनाऱ्यावर आहे, पण उघड्या समुद्रावर नाही. चारपाच किलोमीटर लांबीची एक खाडी जमिनीत शिरली आहे, तिचे तोंड अरुंद आहे आणि त्या तोंडाच्या आतल्या बाजूला, पश्चिमेच्या काठावर हे गाव वसले आहे. बाहेर समुद्र खवळलेला असला तरी धक्क्यावरचे पाणी बहुधा शांत असते, म्हणूनच येथे शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या शाळा आहेत. गाव म्हणजे पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या चारदोन गल्ल्या, ताडासारख्या झाडांची रांग असलेला धक्का आणि त्या धक्क्याला बांधलेल्या लाकडी होड्या. या होड्यांना तेथे ‘याउत’ म्हणतात. दुपारी दोननंतर गल्लीत उभे राहिलात तर बंद खिडक्यांमागे ताटल्या-चमच्यांचा आवाज येतो, मग तोही थांबतो आणि पुढचे दोन तास फक्त होड्यांच्या दोऱ्या कुरकुरताना ऐकू येतात. गावाच्या टोकाला इंग्रजांनी 1801-02 च्या सुमारास बांधलेला गोल पहारा-बुरूज आहे. अठराव्या शतकाचा बराच काळ हे बेट इंग्रजांच्या ताब्यात होते आणि 1802 मध्ये ते कायमचे स्पेनकडे गेले. बुरुजापर्यंतची वाट सोपी आहे आणि संध्याकाळच्या फेरफटक्याला तेवढी पुरेशी आहे.

एक उणीव आधीच सांगतो : फोर्नेल्स गावात मोठा वाळूचा किनारा नाही. पोहण्यासाठी दररोज गाडीने थोडे जावे लागते. घराच्या दारातून थेट वाळूवर पाऊल टाकायचे असेल, तर दक्षिणेचे सान तोमास किंवा पूर्वेचे एस ग्राउ ही गावे पाहा. तुमच्या पत्रावरून मला वाटते, की तुम्हाला वाळूपेक्षा गाव हवे आहे. म्हणून मी फोर्नेल्सच सुचवतो.

आता मुख्य गोष्ट. या बेटावर दिवसाचा कार्यक्रम तारखेवरून ठरवायचा नसतो, वाऱ्यावरून ठरवायचा असतो. वीस वर्षे लोकांच्या सहली आखल्यानंतर मी मेनोर्कापुरता हा एकच नियम कसोशीने पाळतो. मयोर्का, इबिझा, मेनोर्का ज्यांत येतात त्या बालेआरिक बेटांपैकी हे सर्वांत ईशान्येकडचे बेट आहे आणि त्याच्या आणि फ्रान्सच्या किनाऱ्यामध्ये नुसता समुद्र आहे. उत्तरेकडून येणारा थंड, कोरडा वारा, ज्याला तेथे ‘त्रामुंताना’ म्हणतात, तो या मोकळ्या पाण्यावर जोर धरून थेट बेटावर आदळतो. मयोर्काला निदान वायव्येकडे डोंगररांगेची भिंत आहे. मेनोर्काचा सर्वांत उंच डोंगर, मोंते तोरो, अवघा 358 मीटर उंच. त्यामुळे वारा अडवणारे काहीच नाही. फोर्नेल्सहून बाहेर पडताना रस्त्याकडेच्या रानऑलिव्हच्या झाडांकडे नीट बघा. एकूणएक झाड दक्षिणेकडे वाकलेले असते. उत्तरेच्या अंगाला फांदी जवळपास नसते आणि दक्षिणेच्या अंगाला सगळा पाला विंचरल्यासारखा एका दिशेला गेलेला असतो. त्याच वाकड्या लाकडाची शेतांची फाटके तेथील सुतार बनवतात, ती बेटभर दिसतात.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. त्रामुंताना सुटला की उत्तरेच्या किनाऱ्यांवर लाटा उसळतात, वाळू डोळ्यांत जाते आणि पोहणे धोक्याचे होते; पण त्याच वेळी, अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेला दक्षिण किनारा तळ्यासारखा शांत असतो, कारण वारा जमिनीवरून समुद्राकडे जात असतो. उलट दक्षिणेचा वारा, म्हणजे ‘मिज्जोर्न’, सुटला की उत्तरेचे लालसर किनारे सर्वांत सुंदर आणि निवळ असतात. म्हणून सकाळी चहा घेतानाच स्पेनच्या सरकारी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वाऱ्याची दिशा पाहावी, किंवा ज्यांच्याकडे उतरला आहात त्यांना विचारावे, आणि मगच गाडी कोणत्या दिशेला काढायची ते ठरवावे. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही टाकू नका. पिवळा असेल तर गुडघाभर पाण्यापर्यंतच थांबा. त्रामुंताना अनेकदा एका दिवसात थांबत नाही, दोनतीन दिवस चालतो. तेवढे दिवस हाताशी असतील तर त्यात काही बिघडत नाही. दीड दिवसाच्या मुक्कामात मात्र सगळे बेटच हातचे जाते.

हा नियम मी नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी चार कुटुंबांसाठी मी उत्तर किनाऱ्यावरचा नौकाविहार चार महिने आधी ठरवून पूर्ण पैसे भरले होते. त्या दिवशी नेमका जोराचा उत्तरेचा वारा होता. नौकावाल्यांनी होडी काढली नाही, ते योग्यच केले; पण पैसे परत न देता पर्यायी दिवस दिला तो आमच्या परतीचा. तेव्हापासून मेनोर्कातली कोणतीही समुद्रावरची गोष्ट मी आदल्या दिवशीपूर्वी ठरवत नाही आणि तुम्हीही ठरवू नका.

महिन्याविषयी. जुलै आणि ऑगस्ट टाळा. भाडी दुप्पट होतात, किनाऱ्यांवरचे वाहनतळ सकाळी लवकर भरतात आणि ज्या शांततेसाठी तुम्ही जाणार तीच नसते. नोव्हेंबर ते मार्च या काळात फोर्नेल्समधली बहुतेक खानावळी आणि हॉटेले बंद असतात. उरतात ते दोन काळ : मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि संपूर्ण सप्टेंबर. मेमध्ये बेट हिरवे आणि रानफुलांनी भरलेले असते, पण समुद्राचे पाणी 18 अंशांच्या आसपास असते आणि कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेल्याला ते बोचते. सप्टेंबरमध्ये पाणी 24-25 अंशांवर असते, जमीन मात्र उन्हाळ्याने सुकून पिवळी पडलेली असते आणि महिना सरता सरता पावसाच्या सरी सुरू होतात. पोहणे महत्त्वाचे असेल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे, फिरणे आणि पाहणे महत्त्वाचे असेल तर जूनचे पहिले दोन आठवडे. 23 आणि 24 जूनला सिउतादेयात सान जोआनचा घोड्यांचा उत्सव असतो. तो पाहण्यासारखा आहे, पण त्या आठवड्यात सबंध बेट भरलेले असते, म्हणून तुम्ही त्याआधी परतावे.

निवड करताना आणखी एक बाब लक्षात घ्या, कारण तुम्ही मासे खाता आणि फोर्नेल्सचे नाव ज्या पदार्थामुळे स्पेनभर झाले तो तुम्हाला चाखायचा असेल. ‘कालदेरेता’ म्हणजे शेवंडीचा रस्सा. मातीच्या पसरट भांड्यात कांदा, टोमॅटो, लसूण आणि ढोबळी मिरची ऑलिव्ह तेलात मंद परतून त्यात शेवंडीचे तुकडे शिजवतात, आणि पावाच्या पातळ, कुरकुरीत चकत्या वाडग्यात टाकून त्यावर रस्सा ओततात. स्पेनचे माजी राजे हुआन कार्लोस तो खाण्यासाठी या गावी येत असत. मात्र बालेआरिक बेटांभोवती शेवंडीची मासेमारी 1 सप्टेंबरपासून 31 मार्चपर्यंत बंद असते. सप्टेंबरमध्ये पदार्थ मिळाला तरी तो साठवलेल्या शेवंडीचा असणार. एका माणसामागे 70 युरोंहून अधिक खर्च धरा. एवढे पैसे मोजायचे तर ते जूनमध्ये, ताज्या शेवंडीसाठी मोजावेत, असे माझे मत आहे. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते आणि किमान दोघांसाठी करतात. तुमची मुलगी मासे खात असेल तर अडचण नाही.

व्हिसाच्या बाबतीत बरेच लोक गोंधळतात. तुम्ही आधी जर्मनीत उतरणार, तरी अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा असतो. चार रात्री म्युनिक आणि आठ रात्री मेनोर्का असतील तर अर्ज स्पेनकडे; दोन्हीकडच्या रात्री सारख्या झाल्या, तरच पहिल्या प्रवेशाचा देश पाहतात. मुलीकडचा मुक्काम नंतर लांबवलात आणि रात्रींचा हिशेब उलटला, तर अर्जाची दिशाही बदलते, म्हणून आधी रात्री पक्क्या करा आणि मगच भेटीची वेळ घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीच्या वेळा लवकर संपतात, त्यामुळे तीन महिने आधी तयारीला लागा. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. राहण्याचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्या.

म्युनिकहून उन्हाळ्याच्या हंगामात माओला थेट विमाने असतात; ती सोयीची नसतील तर बार्सिलोनामार्गे जा, तेथून विमान तासाभरात पोहोचते. बार्सिलोनाहून बोटीही आहेत, पण त्यांना कित्येक तास लागतात आणि वारा असेल तर बोट लागते. तुमच्या वयाला विमानच बरे. विमानतळ माओच्या अगदी जवळ आहे आणि तेथून फोर्नेल्स गाडीने साधारण अर्ध्या तासावर.

गाडी घ्याच. माओ आणि फोर्नेल्स यांच्यात बस आहे, पण फेऱ्या मोजक्या असतात आणि वारा बघून दिशा ठरवण्याची सगळी सोय बसच्या वेळापत्रकात अडकून पडते. मुलीकडे जर्मन परवाना असेल तर तिनेच चालवावे. तुम्हीही चालवणार असाल तर पुण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा लागतो. तेथे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि भाड्याच्या बहुतेक गाड्या हाताने गियर टाकण्याच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर सांगून ठेवा. गाडी ताब्यात घेताना चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते आणि त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. गाडीच्या चारी बाजूंचे, चाकांच्या कडांचे आणि छताचे मोबाइलवर चित्रीकरण करून मगच निघा. गोलचौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीला पहिला हक्क असतो. आपल्याकडच्या सवयीने मध्ये घुसू नका.

राहण्यासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले छोटे घर घ्या, आणि ते तळमजल्यावर आहे याची खात्री लेखी करून घ्या, कारण जुन्या घरांचे जिने अरुंद आणि चढे असतात. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे माणशी काही युरो पर्यटन कर लागतो. 2016 पासून तो सर्व बालेआरिक बेटांवर आहे आणि बऱ्याचदा तो पोहोचल्यावर वेगळा घेतात.

स्वयंपाकघराचा आग्रह मुख्यतः वहिनींसाठी. मेनोर्कातले जेवण मासे, डुकराचे मांस आणि चीज यांभोवती फिरते आणि ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने घेतो. हिरव्या कोशिंबिरीवर ट्यूना मासा घालून आणतात, भाजीच्या सारात हामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे टाकतात. म्हणून नुसते ‘शाकाहारी’ न म्हणता पूर्ण वाक्य पाठ करावे : ‘सोय वेखेतारियाना, नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन’, म्हणजे मी शाकाहारी आहे, मांस, मासे, हामोन काहीच खात नाही. एन्साइमादा नावाचा गोल, गुंडाळलेला गोड पाव प्रत्येक दुकानात दिसेल. तो डुकराच्या चरबीत करतात, त्याचे नावच त्या चरबीवरून आले आहे. माओचे चीज प्रसिद्ध आहे, पण दूध विरजवण्यासाठी अनेकदा प्राण्यांच्या जठरातील रेनेट वापरतात. हे वर्ज्य असेल तर वनस्पतिजन्य रेनेटचे चीज विचारून घ्यावे. निर्धास्तपणे खाण्यासारखे पदार्थही आहेत : टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव, आणि ‘ओलियाइग्वा’ हे टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, लसूण यांचे साधे सार, जे उन्हाळ्यात ताज्या अंजिरांबरोबर खातात. शेतकऱ्यांचे हे जेवण मला शेवंडीच्या रश्श्याहून अधिक आवडते.

घरून डाळ, तांदूळ, पोहे, कोरडे मसाले न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे आणि ताजा कढीपत्ताही जप्त होऊ शकतो. तेथील शेगड्या विजेच्या असतात. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, त्यामुळे स्टीलचा छोटा कुकर न्यावा. दुपारचे जेवण दीड ते साडेतीन आणि रात्रीचे आठनंतरच मिळते. मधल्या वेळेत स्वयंपाकघरे बंद असतात. दुकानेही दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, ती पाचनंतर उघडतात, आणि रविवारी बरीचशी उघडत नाहीत. वाणसामान शनिवारी भरून ठेवावे.

गुडघ्यांचा विचार करून काही ठिकाणे सांगतो. उत्तरेचा कावायेरिया किनारा सुंदर आहे, पण खाली उतरायला लांब जिना आहे, तो वहिनींनी वरूनच पाहावा. प्रेगोंदा हा सोनेरी-लाल वाळूचा आणि चित्रविचित्र खडकांचा किनारा बिनिमेलापासून अर्ध्या तासाच्या खडबडीत पायवाटेवर आहे. तुम्ही आणि मुलगी सकाळी जाऊन या, वहिनींनी बिनिमेलाला थांबावे. ही पायवाट ‘कामी दे कावाय्स’ या बेटाला वळसा घालणाऱ्या 185 किलोमीटरच्या जुन्या घोडवाटेचाच भाग आहे. उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी दक्षिणेच्या सोन बोउ किंवा सान तोमासला जा. दोन्हीकडे सपाट वाळू आहे. वारा मंद असेल तर एस ग्राउ : पाणी उथळ, शेजारी पाणथळीचे राखीव क्षेत्र, लाकडी फळ्यांच्या वाटा आणि भरपूर पक्षी. सबंध बेट 1993 पासून युनेस्कोचे जैवावरण राखीव क्षेत्र आहे आणि हा त्याचा गाभा. किनाऱ्यावर कधी तपकिरी पानांचे ढीग दिसतील, त्यांना घाण समजू नका. ते पोसिदोनिया या समुद्री वनस्पतीचे गळलेले पान आहे आणि त्यामुळेच वाळू लाटांबरोबर वाहून जात नाही.

पोहण्याजोगा दिवस नसेल तेव्हा मोंते तोरोच्या माथ्यावर मठापर्यंत गाडीने जाता येते आणि तेथून बेटाच्या चारी कडा एका नजरेत दिसतात. आठ दिवस वाऱ्याच्या हिशेबाने फिरायचे तर पहिल्याच दिवशी तेथे जाऊन बेट नीट बघून घ्यावे. पायथ्याच्या एस मेर्कादाल गावी बदामाची बिस्किटे चांगली मिळतात. सिउतादेयाजवळचे ‘नावेता देस तुदोन्स’ हे उलट्या होडीसारखे दिसणारे, तीन हजार वर्षांपूर्वीचे दगडी दफनगृह वाहनतळापासून थोड्याच पावलांवर आहे. 2023 मध्ये बेटावरच्या अशा प्राचीन वास्तूंना जागतिक वारसा दर्जा मिळाला. माओच्या सांता मारिया चर्चमध्ये 1810 साली बसवलेला प्रचंड ऑर्गन आहे आणि हंगामात सकाळी त्याचे छोटे वादन असते. तेथे गार सावलीत बसायला मिळते, चढायचे काही नाही.

कंटाळ्याचा प्रश्न तुम्ही शेवटी, संकोचाने विचारला आहे, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी थोडे चुकल्याचुकल्यासारखे वाटते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे; नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला रिकामी दुपार अंगावर येते. त्या दोन दिवशी गाडी काढून कुठेतरी पळण्याची घाई करू नका. दुपारी गाव झोपते तेव्हा तुम्हीही झोपा, सहाला धक्क्यावर जाऊन बसा. चौथ्या दिवसापर्यंत पाववाली तुम्हाला ओळखू लागते आणि समोरच्या बाकावरचे म्हातारे मान हलवून ‘बोन दिया’ म्हणतात. मेनोर्कातली बोली कातालानचीच एक शाखा आहे आणि त्या दोन शब्दांना तुम्ही तसेच उत्तर दिलेत की पुढचे संभाषण हातवाऱ्यांनी होते. जूनमध्ये सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, तेव्हा संध्याकाळ बरीच लांब असते.

तूर्त इतकेच करा : रात्रींचा हिशेब पक्का करा, व्हिसाच्या भेटीची वेळ घ्या, विमाने, तळमजल्याचे घर आणि गाडी आरक्षित करा. बाकी काहीही आधी ठरवू नका. पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी धक्क्यावरच्या कोळ्यांना उद्या वारा कुठून येणार ते विचारा.